स्पेसबार न दाबता पान लावणं

वर्डमध्ये टाइप करायची सवय असलेला माणूस पहिल्यांदा इनडिझाइन किंवा स्क्रायबससारखं पान लावायचं सॉफ्टवेअर उघडतो, समोरच्या कोऱ्या पानावर क्लिक करतो आणि टाइप करू लागतो. काहीच उमटत नाही. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. मजकूर पानावर कुठे राहणार हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

वर्ड प्रोसेसरमध्ये मजकूर हा मालक असतो. तो लांबला की नवं पान तयार होतं, फोटो घातला की तोही मजकुराबरोबर खाली-वर घरंगळतो. पान लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी पान येतं. त्याचं माप, समास, स्तंभ ठरतात, मग त्यावर चौकटी आखायच्या आणि मजकूर किंवा चित्र त्या चौकटींत सोडायचं. या चौकटी एकमेकींना जोडता येतात. पहिली भरली की उरलेला मजकूर दुसरीत उतरतो, दुसरी भरली की तिसरीत, एकाखाली एक ठेवलेल्या टाक्यांमधून पाणी उतरावं तसा. पहिल्या पानावरची चौकट दोन सेंटिमीटरने आखूड केली की तिच्यात न मावणाऱ्या ओळी आपणहून पुढच्या पानावर जातात. शेवटच्या चौकटीतही मजकूर मावला नाही, तर इनडिझाइन तिच्या कोपऱ्यात एक छोटं लाल अधिक-चिन्ह दाखवतं. त्या चिन्हाकडे दुर्लक्ष केलं की छापलेला लेख वाक्याच्या मध्येच संपतो, कारण न मावलेला मजकूर छापलाच जात नाही.

चौकटीतून वाहणारा मजकूर एकदा डोक्यात बसला की बाकीचं बरंच काही आपोआप कळत जातं. मुख्य म्हणजे, स्पेसबार आणि एंटर दाबून पान का सजवू नये, हे कळतं. मथळा मध्यावर आणायला चौदा स्पेस मारल्या, किंवा उपमथळा नव्या पानावर ढकलायला सहा एंटर मारले, तर आज ते नीट दिसेल. उद्या संपादकाने वरच्या परिच्छेदातलं एक वाक्य गाळलं की मजकूर वर सरकेल आणि ते सहा एंटर पानाच्या मध्यावर भोक पाडून बसतील. हाताने ढकललेली प्रत्येक गोष्ट मजकूर हलला की चुकीच्या जागी जाते. सूचना देऊन ठेवलेली गोष्ट मजकुराबरोबर चालते.

हे तंत्र फार जुनं नाही. १९८५ साली तीन गोष्टी एकत्र आल्या: ॲपलचा मॅकिंटॉश संगणक, इंचाला ३०० ठिपके छापणारा लेसररायटर प्रिंटर, आणि आल्डस कंपनीचं पान लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर. या तिघांना जोडणारा चौथा दुवा पडद्यामागे होता, तो म्हणजे ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा. तोवर खिळे जुळवणारा जुळारी, किंवा फोटोटाइपसेटिंगच्या, म्हणजे फोटोच्या कागदावर उमटवलेल्या अक्षरांच्या, पट्ट्या कापून चिकटवणारा माणूस, यांच्याशिवाय पान तयार होत नसे. आल्डसचे पॉल ब्रेनर्ड यांनी या नव्या पद्धतीला ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ म्हटलं आणि ते नाव रुजलं. पुढे १९८७ मध्ये क्वार्कएक्सप्रेस आलं, १९९४ मध्ये ॲडोबीने आल्डस विकत घेतली, १९९९ मध्ये इनडिझाइन आलं. स्क्रायबस हे मुक्त सॉफ्टवेअर त्यानंतरचं. नावं बदलली, चौकटींचं तत्त्व तेच राहिलं.

अक्षरं

देवनागरीत पान लावणाऱ्याने सर्वांत आधी ‘स्थिती’ हा शब्द टाइप करून बघावा. पहिली वेलांटी जोडाक्षराच्या आधी, ‘स’च्या डावीकडे दिसायला हवी, आणि ‘स’चा पाय मोडलेला न दिसता तो ‘थ’ला जोडलेला दिसायला हवा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, ही ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते. ती डोळ्यांसमोर आधी आणून ठेवणं, ‘स्’ आणि ‘थ’ यांचं जोडाक्षर करणं, हे सारं काम फॉन्ट आणि सॉफ्टवेअर मिळून करतात. इनडिझाइनमध्ये हे काम करणारा भाग ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ या नावाने असतो. तो निवडलेला नसेल तर हलन्त मोकळे लोंबतात, वेलांट्या भलतीकडे जातात आणि माणूस फॉन्टला दोष देत बसतो.

जुन्या काळच्या फाइल असतील तर दुखणं वेगळं. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या देवनागरी फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: अर्धा क, काना, रफार, सगळे सुटे. त्या फॉन्टमध्ये मजकूर छान दिसतो, पण फाइलच्या पोटात तो निव्वळ रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा असतो. फॉन्ट बदलला की तो कचरा उघडा पडतो. अशा मजकुरात शब्द शोधता येत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही. त्यामुळे जुना मजकूर हाती आला तर तो आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा आणि मग एकदा डोळ्यांखालून घालावा. रफार आणि दुर्मीळ जोडाक्षरं या प्रवासात हमखास मार खातात.

भाषेची निवडही सूचनाच आहे. अनेक फॉन्टांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची दोन-दोन रूपं असतात, हिंदीत रूढ असलेलं आणि मराठीत रूढ असलेलं. परिच्छेदाची भाषा मराठी ठेवली की चांगला ओपनटाइप फॉन्ट मराठी रूप आपणहून पुढे करतो. शब्द तोडण्याचे नियमही याच निवडीवर अवलंबून असतात. भाषा इंग्रजी राहिली तर सॉफ्टवेअर मराठी शब्द तोडणारच नाही.

आता आकार. अक्षराचा आकार पॉइंटमध्ये मोजतात; संगणकावरचा ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. पण हे माप खुद्द अक्षराचं नसून अक्षर ज्या काल्पनिक चौकोनात बसतं त्याच्या उंचीचं असतं. देवनागरीला त्याच चौकोनात शिरोरेषेच्या वरच्या मात्रा आणि खालचे उकार दोन्ही बसवायचे असतात, म्हणून मधलं अक्षर लहान होतं. १० पॉइंटचा रोमन मजकूर आणि १० पॉइंटची देवनागरी शेजारी ठेवली तर देवनागरी बहुधा खुजी दिसते. दोन्ही लिप्या एकाच ओळीत येणार असतील, तर आकडे सारखे ठेवण्याच्या हट्टापेक्षा डोळ्यांना समान दिसेपर्यंत एकाचा आकार बदलावा. ही सूचना एका कॅरेक्टर स्टाइलमध्ये, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या अक्षरांच्या सूचनांमध्ये, ठेवली की पुन्हा हात लावावा लागत नाही.

ओळींमधल्या अंतराला, म्हणजे लीडिंगला, सॉफ्टवेअर स्वतःहून साधारण १२० टक्के आकडा देतं. ११ पॉइंटच्या अक्षराला १३.२ पॉइंट. रोमनला ते ठीक, मराठीला चिमटा. वरच्या ओळीत ‘वृत्त’ आणि बरोबर त्याच्याखाली ‘मैत्री’ आलं की ऋकार आणि मात्रा एकमेकांत घुसतात. ११ पॉइंटला १५ ते १६ पॉइंट अंतर दिलं की मजकूर श्वास घेतो. नेमका आकडा फॉन्टवर ठरतो. एखाद्या फॉन्टच्या मात्रा बुटक्या असतील तर कमीही चालेल.

एक गोष्ट मात्र कुठल्याही फॉन्टला लागू आहे. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची रोमन मथळ्यांतली फॅशन देवनागरीत आणू नये. शिरोरेषा तुटते. एकाच शब्दाचे चार तुकडे झालेले दिसतात आणि डोळा त्यांना चार शब्द समजतो. हे आपण मुद्दाम करत नसलो तरी सॉफ्टवेअर आपल्या नकळत करू शकतं: दोन्ही कडा सरळ करताना, म्हणजे जस्टिफाय करताना, ओळ ताणायला शब्दांमधलं अंतर पुरलं नाही तर ते अक्षरांमधलं अंतर वाढवू शकतं. जस्टिफिकेशनच्या सेटिंगमध्ये अक्षर-अंतराचे किमान, इष्ट आणि कमाल असे तीन आकडे असतात. देवनागरीसाठी तिन्ही शून्य ठेवावेत.

ओळ कुठे तुटते

दोन्ही कडा सरळ असलेला मजकूर नीटनेटका दिसतो खरा, पण त्याची किंमत शब्दांमधल्या अंतराने मोजावी लागते. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘विद्यार्थ्यांच्यासारखीच’ हा एकच शब्द अरुंद स्तंभातली निम्मी ओळ खातो. तो ओळीच्या शेवटी मावला नाही की खाली जातो, आणि वर उरलेले दोन शब्द दोन टोकांना जाऊन उभे राहतात. अशा चार ओळी लागोपाठ आल्या की परिच्छेदातून पांढऱ्या भेगा वाहताना दिसतात.

यावर तीन इलाज आहेत. स्तंभ रुंद करणं हा सर्वांत चांगला. ओळीत आठ ते बारा शब्द मावले तर बहुतेक भेगा नाहीशा होतात. शब्द तोडायला परवानगी देणं हा दुसरा, पण तोडलेला शब्द वाचायला कुणाला आवडत नाही आणि अक्षराच्या मध्ये तो तुटता कामा नये. तिसरा इलाज म्हणजे जस्टिफाय सोडून देणं आणि उजवी कड मोकळी ठेवणं. माझं मत या तिसऱ्याच्या बाजूने आहे. निदान स्तंभ अरुंद असेल तेव्हा तरी. ‘कड सरळ नाही, काम कच्चं आहे’ असं म्हणणारे भेटतात; त्यांना तोच मजकूर दोन्ही प्रकारे छापून दाखवावा.

ओळ कुठे तोडायची हे ठरवण्यामागे सुंदर गणित आहे. साधा मार्ग म्हणजे एकेक ओळ भरत जायची, मावले तेवढे शब्द घ्यायचे, पुढे जायचं. यात एखादी ओळ छान भरते, पण तिच्या पायी पुढची ओळ विरळ होते. डोनाल्ड क्नुथ आणि मायकेल प्लास या संगणकशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये वेगळी रीत मांडली: अख्ख्या परिच्छेदाच्या शक्य त्या तोडण्या विचारात घ्यायच्या, वाईट ओळीला दंड लावायचा आणि ज्या रचनेचा एकूण दंड सर्वांत कमी ती निवडायची. क्नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत हीच रीत आहे, आणि इनडिझाइनचा ‘पॅराग्राफ कंपोझर’ही परिच्छेदाचा एकत्र विचार करतो. म्हणूनच कधी कधी शेवटच्या ओळीतला एक शब्द बदलला की दुसरी ओळ हललेली दिसते. नवखा माणूस त्याला भुताटकी समजतो.

परिच्छेदाची शेवटची एकच ओळ नव्या स्तंभाच्या माथ्यावर एकटी पडणं, किंवा पहिली ओळ स्तंभाच्या तळाशी एकटी राहणं, हेही सूचनेने टाळता येतं: ‘किमान दोन ओळी एकत्र ठेव’. उपमथळ्याला ‘पुढच्या ओळीला धरून राहा’ असं सांगता येतं. त्यासाठी एंटर नको.

या सगळ्या सूचना ठेवायची जागा म्हणजे पॅराग्राफ स्टाइल. फॉन्ट, आकार, लीडिंग, भाषा, पहिल्या ओळीचा आत सरकलेला भाग, वरखालची मोकळी जागा, तोडण्याचे नियम, सगळं एका नावाखाली. ‘मजकूर’, ‘उपमथळा’, ‘फोटोओळ’ अशा पाचसहा स्टाइलमध्ये बहुतेक पुस्तक बसतं. दोनशे पानांनंतर कुणी म्हणालं की अक्षर थोडं मोठं हवं, तर एक आकडा बदलायचा. पानांवर कायम येणाऱ्या गोष्टी, म्हणजे पानाचा क्रमांक, प्रकरणाचं नाव, समास, या मास्टर पेजवर, म्हणजे सगळ्या पानांमागच्या साच्यावर, ठेवायच्या. इनडिझाइनमध्ये आता त्यालाच ‘पॅरेंट पेज’ म्हणतात.

एक पायरी अजून आहे, जी बरेच जण गाळतात: बेसलाइन ग्रिड. दोन स्तंभांतल्या ओळी एकमेकींच्या शेजारी समपातळीत आल्या तर पान शांत दिसतं. त्यासाठी मजकुराच्या लीडिंगएवढ्या अंतराच्या अदृश्य रेघा पानभर आखतात आणि ओळी त्यांवर बसवतात. अडचण उपमथळ्यांची. लीडिंग १६ पॉइंट असेल तर उपमथळ्याने व्यापलेली एकूण उंची १६च्या पटीत हवी. उपमथळ्याची ओळ २२, वर १८, खाली ८: बेरीज ४८, म्हणजे बरोबर तीन ओळी. मग त्याखालचा मजकूर आपोआप शेजारच्या स्तंभाशी जुळतो.

चित्रं

चित्राच्या बाबतीत दोन वस्तू असतात हे आधी लक्षात घ्यावं: चौकट, आणि तिच्या आतलं चित्र. चौकट ही खिडकी. ती लहान केली की चित्र कापलेलं दिसतं, पण चित्र तेवढंच राहतं. आतलं चित्र वेगळं पकडून सरकवता किंवा लहानमोठं करता येतं. मूळ फाइलला धक्का लागत नाही. किंबहुना बहुतेक वेळा मूळ फाइल पानाच्या फाइलमध्ये नसतेच, फक्त तिचा पत्ता आणि एक झलक असते. फोटोंचं फोल्डर हलवलं किंवा त्याचं नाव बदललं की हा दुवा तुटतो. पडद्यावर झलक दिसत राहते म्हणून लक्षात येत नाही, छापल्यावर मात्र तीच अस्पष्ट झलक उमटते. दुसऱ्याला काम सोपवताना ‘पॅकेज’ किंवा ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ ही आज्ञा द्यावी. ती पानांची फाइल, सगळी चित्रं आणि परवान्यात बसतील ते फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा करते.

फोटो छापण्याजोगा आहे का, हे ठरवायला एक भागाकार पुरतो. फोटोची रुंदी पिक्सेलमध्ये घ्यायची आणि पानावर तो जितके इंच रुंद लावायचा त्याने भागायचं. चांगल्या कागदावरच्या छपाईला उत्तर ३००च्या आसपास यावं. १८०० पिक्सेलचा फोटो ६ इंचांत लावला तर ३००, तोच ताणून १२ इंचांवर नेला तर १५०, आणि चेहरे मऊ, धूसर व्हायला लागतात. वर्तमानपत्री कागदाला २०० पुरतात, कारण तिथे छपाईचे ठिपकेच मोठे असतात. उलट, शुद्ध काळ्या-पांढऱ्या रेखाचित्राला १२०० लागतात, कारण त्याच्या कडांना करड्या छटांचा आधार नसतो. फाइलमध्ये ‘डीपीआय’चा, म्हणजे इंचाला किती ठिपके याचा, नुसता आकडा ७२वरून ३०० केल्याने काही होत नाही, पिक्सेल तितकेच राहतात. सॉफ्टवेअरच्या मदतीने पिक्सेल वाढवले तर ते अंदाजाने भरलेले असतात. मेसेजिंग ॲपवरून आलेले फोटो वाटेत दाबले गेलेले असतात, म्हणून मूळ फाइल मागून घ्यावी. लोगो आणि आलेख शक्यतो व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांच्या गणिताने साठवलेले, घ्यावेत. त्यांना हा भागाकार लागूच होत नाही.

चित्राभोवती मजकूर वळवणं, टेक्स्ट रॅप, हे नव्या माणसाचं आवडतं खेळणं. स्तंभाच्या मधोमध चित्र ठेवून दोन्ही बाजूंनी मजकूर वळवला की प्रत्येक ओळ चित्राच्या अलीकडे तुटते आणि पलीकडे सुरू होते. वाचणाऱ्याने चित्रावरून उडी मारून वाक्य पकडायचं. हे कधीही करू नये. चित्र स्तंभाच्या एका कडेला लावावं, किंवा सरळ पूर्ण स्तंभाच्या रुंदीचं करावं. मजकूर आणि चित्र यांत साधारण एका ओळीएवढी जागा सोडावी. चित्राची वरची कड शेजारच्या ओळीच्या शिरोरेषेशी आणि खालची कड ओळीच्या तळाशी जुळवली तर फरक जाणवतो, पण का जाणवतो ते बघणाऱ्याला सांगता येत नाही. चित्रातल्या माणसाची नजर पानाच्या आत वळलेली असावी. यासाठी फोटो उलटा करू नये. त्यातल्या पाट्या उलट्या होतात, डावखुरे उजवे होतात.

छापायला देताना

पडद्यावरचे रंग लाल, हिरवा, निळा अशा प्रकाशाचे (आरजीबी). छपाईचे रंग निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांचे (सीएमवायके). पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा निळा या शायांत निघतच नाही, तो मलूल होतो. हे आधीच सीएमवायके प्रोफाइलने पाहून घ्यावं. मजकुराच्या काळ्या रंगाकडे विशेष लक्ष द्यावं. वर्डमधून आणलेला काळा कित्येकदा आरजीबी असतो आणि रूपांतरात चारही शायांचं मिश्रण होऊन बसतो. प्रत्येक शाईची वेगळी अशा चार प्लेटांपैकी एक केसभर सरकली की बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत झालर दिसते. मजकूर फक्त काळ्या शाईचा, १०० टक्के, असायला हवा.

पानाच्या कडेपर्यंत जाणारं चित्र कडेबाहेर ३ मिमी वाढवावं, कारण कागद छापून मग कापतात आणि कापताना पातं थोडं इकडेतिकडे जातंच. ए४चं माप २१० बाय २९७ मिमी, तर पूर्ण पानाचं चित्र २१६ बाय ३०३ मिमी लागेल. त्याच न्यायाने महत्त्वाचा मजकूर कडेपासून निदान ५ मिमी आत ठेवावा.

पीडीएफ काढताना पीडीएफ/एक्स या छपाईसाठीच्या पीडीएफ-मानकाची छापखान्याने सांगितलेली आवृत्ती निवडावी. तिच्यात फॉन्ट फाइलमध्येच बसवलेले असतात. काढलेली पीडीएफ लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये न बघता साध्या पीडीएफ-रीडरमध्ये उघडून पाहावी आणि एखादं पान शंभर टक्के मापात कागदावर छापावं. पडद्यावर सतत मोठं करून पाहिल्याने अक्षराच्या खऱ्या आकाराचा अंदाज सुटलेला असतो.

पानं एकेक करून द्यावीत, जोडपान करून नाही. सोळा पानी पुस्तिका मधे पिन मारून बांधायची असेल तर कागदाच्या एकाच बाजूला पहिलं आणि सोळावं पान शेजारी छापलं जातं, दुसरं पान पंधराव्याशेजारी. ही जुळणी छापखान्याचं सॉफ्टवेअर करतं. पानांची संख्या मात्र चारच्या पटीत आपण ठेवायची. पुस्तिका जाड असेल तर दुमडल्यावर आतली पानं बाहेरच्या पानांपेक्षा किंचित पुढे येतात आणि कापताना त्यांचा बाहेरचा समास जास्त जातो. पानाचे क्रमांक अगदी कडेला लावले असतील तर मधल्या पानांवर ते पात्याखाली येऊ शकतात.